साखरझोपेच्या वेळी विमान उतरवताना: वैमानिकांच्या थकव्याविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली मुलगी वर्षभरापूर्वी एका विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून रुजू झाली. रात्रीची उड्डाणे आटोपून ती सकाळी घरी येते, दुपारपर्यंत झोपते आणि तरीही उठल्यावर तिचा चेहरा ओढलेलाच दिसतो. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर उड्डाणे रद्द झाली तेव्हा, वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे हे घडले, असे आपल्या वाचनात आले. वैमानिकाला वर्षाला १००० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही आणि विमान बहुतेक वेळ ऑटोपायलटवर असते, हेही आपण वाचले आहे. मग हा थकवा खरोखर सुरक्षिततेचा प्रश्न आहे, की अधिक सुट्टी पदरात पाडून घेण्याचे निमित्त, अशी शंका आपण विचारली आहे.

मी ३१ वर्षे प्रवासी विमाने चालवली. त्यातील शेवटची काही वर्षे मी प्रशिक्षणाचे काम केले आणि सुरक्षा विभागात बसून इतर वैमानिकांचे अहवालही वाचले. त्या अनुभवावरून निःशंकपणे सांगतो, की हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. मात्र तो समजून घेण्यासाठी ‘किती तास काम केले’ या मोजमापापेक्षा ‘कोणत्या वेळी केले, आणि त्याआधी झोप किती झाली होती’ याकडे पाहावे लागते. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. थकलेल्या माणसाला आपण किती थकलो आहोत हे नीट कळत नाही. ‘मी ठीक आहे’ असे तो मनापासून म्हणतो आणि ते खोटे असते. या प्रश्नातील जवळपास प्रत्येक अडचण येथूनच सुरू होते.

प्रथम त्या १००० तासांविषयी. ५२ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला जेमतेम १९ तास होतात आणि कार्यालयात ४८ तास काम करणाऱ्या माणसाला ते हास्यास्पद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे मोजमाप विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचे असते. नवे नियम येण्याआधीच्या, मुंबईच्या एका साध्या पहाटपाळीचे उदाहरण घेऊ. विमान ४ वाजून ५० मिनिटांनी निघायचे असेल, तर वैमानिकाला तासभर आधी विमानतळावर हजर व्हावे लागते. ठाण्याला किंवा खारघरला राहणाऱ्या वैमानिकाच्या दारात कंपनीची गाडी तीनच्या आसपास येते, म्हणजे तो दोनला उठलेला असतो. मुंबई–नागपूर, परत मुंबई, मग मुंबई–इंदूर आणि परत मुंबई अशी चार उड्डाणे करून तो साडेबाराच्या सुमारास उतरतो. कागदपत्रे आणि रस्त्यावरची गर्दी धरून तो घरी पोहोचतो तेव्हा अडीच वाजलेले असतात. त्या दिवशी त्याच्या खात्यात साडेपाच तासांच्या आसपास उड्डाण जमा होते. प्रत्यक्षात तो साडेबारा तास जागा आहे, चार वेळा विमान उतरवून आला आहे, आणि आदल्या रात्री नऊ वाजता अंथरुणावर पडूनही त्याला अकरापर्यंत झोप लागली नव्हती. म्हणजे झोप झाली तीन तास. यानंतर दोन दिवसांनी त्याच माणसाला रात्रीची पाळी लागते, तेव्हा शरीराला पहाटपाळीची सवय होण्याआधीच वेळापत्रक उलटलेले असते.

नऊ वाजता पडूनही झोप का लागत नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ‘लवकर झोपायचे, त्यात काय’ हा सल्ला प्रत्येक वैमानिकाने ऐकलेला असतो. आपली झोप दोन यंत्रणांवर चालते. पहिली साधी आहे: जितका वेळ जागे राहावे तितका झोपेचा दाब वाढत जातो आणि झोपल्यावर तो उतरतो. दुसरी यंत्रणा म्हणजे मेंदूतले घड्याळ. ते उजेडावर लावलेले असते, आणि आपण किती दमलो आहोत याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. हे घड्याळ संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान शरीराला सर्वाधिक जागे ठेवते, म्हणून त्या वेळी अंधार करून पडले तरी डोळ्याला डोळा लागत नाही. तेच घड्याळ रात्री दोन ते सकाळी सहा या काळात शरीराचे तापमान, सावधपणा आणि प्रतिक्रियेचा वेग सर्वांत खाली नेते. आपल्या भाषेने या वेळेच्या झोपेला ‘साखरझोप’ हा अचूक शब्द आधीच देऊन ठेवला आहे. सगळे जग साखरझोपेत असताना वैमानिक विमान उतरवत असतो, आणि मुंबईसारख्या शहरातून आखाती देशांकडे जाणाऱ्या कितीतरी विमानांचे येणे-जाणे नेमके याच प्रहरात चालते. त्या रात्रीनंतर तो सकाळी आठला झोपतो तेव्हा झोपेचा दाब भरपूर असतो, पण घड्याळ वर चढू लागलेले असते. म्हणून चार-पाच तासांत जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. आपल्या मुलीचा चेहरा दुपारी ओढलेला का दिसतो, याचे कारण हे आहे.

थकव्याचा परिणाम केवळ डोळे मिटण्यापुरता नसतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये सलग जागे ठेवलेल्या आणि मद्य दिलेल्या माणसांच्या कामगिरीची तुलना केली. सुमारे १७ तासांच्या जागरणानंतर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी होते आणि २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते, असे त्यांना आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. वैमानिकासाठी ती शून्य आहे, आणि उड्डाणापूर्वी आम्ही श्वासचाचणी देतो. फुंकर मारून झोप मोजणारे यंत्र मात्र अजून कोणी बनवलेले नाही. अपघातानंतर रक्ताच्या तपासणीतही थकवा सापडत नाही. तो आधीच्या तीन दिवसांची झोप, फोनच्या नोंदी आणि कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणातले आवाज यांवरून जुळवावा लागतो. म्हणून अधिकृत कारणांच्या यादीत त्याचे नाव फार उशिरा आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने एखाद्या मोठ्या विमान अपघाताचे संभाव्य कारण म्हणून थकव्याकडे प्रथम बोट दाखवले, ते ऑगस्ट १९९३ मध्ये क्यूबातील ग्वांतानामो बे येथे कोसळलेल्या मालवाहू डीसी-८ विमानाच्या चौकशीत.

आपल्याला हे दूरचे वाटू नये, म्हणून मंगळूरविषयी सविस्तर लिहितो. २२ मे २०१० रोजी दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे निसटून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ माणसे गेली, ८ वाचली. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले होते. त्यांचा अहवाल मी प्रशिक्षणाच्या कामात अनेकदा वाचला आणि वाचायला लावला.

विमानातील ध्वनिमुद्रण २ तास ५ मिनिटांचे होते. त्यातील पहिली सुमारे १ तास ४० मिनिटे दोन वैमानिकांत संभाषणच नाही. ऐकू येतात ते खोल श्वासाचे आणि घोरण्याचे आवाज. मुख्य वैमानिक झोपले होते आणि सहवैमानिक एकटेच रेडिओवर बोलत होते. मुख्य वैमानिक जागे झाले तेव्हा उतरायला अर्ध्या तासाहून कमी वेळ उरला होता. त्या दिवशी मंगळूरचे रडार बंद असल्याने विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली, आणि ते उतरणीच्या योग्य रेषेपेक्षा बरेच उंच राहिले. अशा वेळी करायची गोष्ट साधी आहे: उतरण्याचा प्रयत्न सोडायचा, पुन्हा वर जायचे, फेरी मारून नव्याने यायचे. सहवैमानिकांनी तीन वेळा तसे सांगितले. जमिनीच्या धोक्याची सूचना देणारे यंत्रही वारंवार ओरडत होते. मुख्य वैमानिकांनी विमान तीव्र उतारावरून खाली आणले आणि ८०३३ फूट लांबीच्या धावपट्टीवर सुमारे ५२०० फूट आत टेकवले. त्यानंतरही थांबण्याची शक्यता होती, असे अहवाल सांगतो. पण ब्रेक लावल्यावर काही सेकंदांत त्यांनी पुन्हा उड्डाण करण्याचा प्रयत्न केला, आणि त्यासाठी धावपट्टी उरली नव्हती.

ते अनुभवी वैमानिक होते, आणि ही विमाने व हे विमानतळ त्यांना नवे नव्हते. विमानात बिघाड नव्हता. चौकशी न्यायालयाने मूळ कारण म्हणून चुकीची उतरण न सोडण्याचा निर्णय नोंदवला आणि त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींत दीर्घ झोपेनंतरची गुंगी व साखरझोपेचा प्रहर यांचा उल्लेख केला. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळायलाच काही क्षण लागतात, हे आपण घरी पाहतो. पण ही गुंगी क्षणांची नसते, कधी अर्धा तासही टिकते, आणि त्या काळात माणूस बोलतो, चालतो, बटणे दाबतो. बदललेली परिस्थिती ओळखून आधीचा बेत मोडणे मात्र त्याला जमत नाही. तीन वेळा ‘वर चला’ ऐकूनही मुख्य वैमानिक आपल्या पहिल्या बेतावर अडून राहिले, त्याला मी हट्ट म्हणत नाही. गुंगीतल्या मेंदूचे वागणे असेच असते. प्रशिक्षणार्थ्यांना हा अहवाल वाचायला देताना मी नेहमी एक प्रश्न विचारत असे, की सहवैमानिकांच्या जागी तुम्ही असता तर चौथ्या वेळी काय केले असते. हा प्रश्न आपल्या मुलीसाठीही आहे, कारण ती त्याच खुर्चीवर बसते.

कोणी म्हणेल की मंगळूरला मुख्य वैमानिक झोपले होते. जागे राहिले असते तर प्रश्नच नव्हता. म्हणून टक्क जाग्या असलेल्या वैमानिकांचेही उदाहरण देतो. ७ जुलै २०१७ च्या मध्यरात्रीच्या सुमारास एअर कॅनडाचे टोरांटोहून आलेले एअरबस सॅन फ्रान्सिस्कोच्या धावपट्टीऐवजी शेजारच्या टॅक्सी मार्गावर, म्हणजे विमाने जमिनीवरून ये-जा करतात त्या रस्त्यावर, उतरू लागले. त्या मार्गावर प्रवाशांनी भरलेली चार विमाने उड्डाणासाठी रांगेत उभी होती. ते जमिनीपासून साधारण ६० फुटांपर्यंत खाली आले आणि मग वर गेले. मुख्य वैमानिक १९ तासांहून अधिक काळ जागे होते, आणि त्यांच्या शरीराच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. समोरच्या दिव्यांचा रंग आणि मांडणी धावपट्टीची नव्हती, तरी मेंदूने जे पाहायची अपेक्षा केली होती तेच पाहिले. नागरी उड्डाणाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या दुर्घटनांपैकी एक त्या रात्री काही फुटांनी टळली.

आता ऑटोपायलटविषयी. विमान बराच वेळ त्याच्यावर असते हे खरे आहे, आणि ताजेतवाने असताना त्याच्यामुळे कामाचा भार खूप हलका होतो. पण पहाटे चार वाजता, अंधाऱ्या कॉकपिटमध्ये, यंत्रांच्या एकसुरी घरघरीत, काहीही न घडणाऱ्या पडद्यांकडे तासन्‌तास लक्ष देत बसणे हे मानवी मेंदूला सर्वांत कठीण जाणारे काम आहे. हाताने काही करत असताना झोप दूर राहते, नुसते पाहत बसले की ती येते. मग काही सेकंदांच्या डुलक्या सुरू होतात, डोळे उघडे असतानाही, आणि त्या आल्याचे स्वतःला कळतही नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतील हवाई बेटांवर सकाळच्या लख्ख उजेडात, होनोलुलूहून हिलोला जाणाऱ्या तासाभराच्याही आत संपणाऱ्या उड्डाणात दोन्ही वैमानिक झोपले आणि विमान हिलो ओलांडून समुद्रावर पुढे गेले. ते लागोपाठ काही दिवस भल्या पहाटे कामावर येत होते, आणि मुख्य वैमानिकांना झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार होता, ज्याचे निदान झालेले नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये इंडोनेशियात बाटिक एअरच्या विमानात दोन्ही वैमानिक सुमारे २८ मिनिटे झोपले होते. सहवैमानिकांच्या घरी महिन्याभराची जुळी बाळे होती आणि त्यांनी नुकतेच घर बदलले होते. ती बातमी वाचून लोक हसले. मला हसू आले नाही, कारण लहान मूल घरात असताना कामावर जाणारे कितीतरी सहकारी मी पाहिले आहेत, आणि त्या काळात त्यांनी सुट्टी मागितल्याचे क्वचितच ऐकले.

मग वैमानिकाने कॉकपिटमध्ये ठरवून डुलकी घ्यावी का? अमेरिकेच्या नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या प्रयोगात त्यांना खुर्चीतच ४० मिनिटांची संधी दिली. सरासरी २६ मिनिटे झोप लागली, आणि उतरण्याच्या टप्प्यातील त्यांची सावधानता न झोपलेल्यांपेक्षा ठळकपणे चांगली राहिली. म्हणून अनेक देशांत अशी नियंत्रित विश्रांती काटेकोर अटींवर मान्य आहे: एकाने जागे असलेच पाहिजे, वेळ मर्यादित हवा, जागे झाल्यावर काही काळ कोणतेही महत्त्वाचे काम हाती घेऊ नये. या अटी मोडल्या तर काय होते, ते जानेवारी २०११ मध्ये टोरांटोहून झ्युरिकला जाणाऱ्या विमानात दिसले. सहवैमानिक ठरल्यापेक्षा जास्त, ७५ मिनिटे झोपले होते. जागे झाल्यावर त्यांनी आधी आकाशातील शुक्राची चांदणी विमान समजली, आणि मग समोरून खालच्या पातळीवर येणारे खरे विमान वरून आपल्यावर येत आहे असे वाटून आपले विमान एकदम खाली दाबले. पट्टे न बांधलेले लोक उडाले आणि १६ जण जखमी झाले. डुलकी उपयोगी आहे, पण ती रात्रीच्या झोपेची जागा घेऊ शकत नाही. वेळापत्रकातील दोष झाकण्यासाठी तर ती कधीच वापरू नये.

हे सारे समजल्यावर आपल्याकडील नियमांचा अर्थ लागतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी वैमानिकांच्या कामाच्या वेळेचे सुधारित नियम जाहीर केले. त्यातील तीन बदल मला सर्वांत मोलाचे वाटतात. साप्ताहिक विश्रांती सलग ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि तीत दोन रात्री असल्या पाहिजेत, असे ठरले. बाहेरच्या माणसाला हे बारा तास सुट्टीत वाढल्यासारखे वाटतात. पण झोपेचे कर्ज एका रात्रीत फिटत नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिले, तेव्हा त्यांची कामगिरी एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली, आणि आपण इतके घसरलो आहोत याचा त्यांना बहुतांशी पत्ताच नव्हता. दुसरा बदल म्हणजे ‘रात्र’ या शब्दाची व्याख्या. पूर्वी ती मध्यरात्रीपासून पाचपर्यंत होती, आता सहापर्यंत झाली. मंगळूरचे विमान सहाच्या सुमारास उतरत होते, हे लक्षात घेतले की त्या एका तासाचे मोल कळते. तिसरा बदल असा, की रात्रीच्या पाळीत सहापर्यंत विमाने उतरवता येत असत, ती संख्या दोनवर आणली. सहा वेळा उतरणे म्हणजे सहा वेळा सर्वाधिक लक्ष मागणारे काम, आणि तेही मेंदू सर्वांत मंद असतानाच्या प्रहरात. ही मुभा इतकी वर्षे होती, याचे मला अधिक आश्चर्य वाटते.

हे नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांच्या आक्षेपांनंतर ते लांबले, दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेले, आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते आले. म्हणजे जाहीर झाल्यापासून पूर्ण लागू होईपर्यंत जवळपास २२ महिने मिळाले. तरीही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर माणसे रात्रभर अडकली, आणि महासंचालनालयाने त्या कंपनीला रात्रीच्या कामाविषयीच्या काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. प्रवाशांचे हाल मला दिसतात; त्यांत कोणाच्या परीक्षा, कोणाची लग्ने, कोणाचे अंत्यसंस्कार होते. पण या हालांचे खापर विश्रांतीच्या नियमावर फोडणे मला मान्य नाही. नियम लागू होण्याची तारीख ठाऊक होती. कमी थकलेल्या वैमानिकांकडून तेवढीच उड्डाणे करून घ्यायची तर अधिक वैमानिक लागतात, हे गणित शाळकरी मुलालाही करता येते. वैमानिक तयार करायला वेळ लागतो हे खरे आहे, आणि म्हणूनच तयारी आधी करायची असते. आणि एका गोष्टीबद्दल काळजी वाटते ती अशी, की सूट दिली तेव्हा नियम कागदावर थांबले, पण पहाटे चारला मेंदूचे घड्याळ थांबले नाही.

तथापि नियम पाळले की थकवा संपला, असेही मी म्हणणार नाही. याबाबतीत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, लागोपाठच्या दुसऱ्या रात्रीच्या पाळीत, मी कोलकात्याहून मुंबईला येत होतो. पहाटेची वेळ होती. नियंत्रकाने ८००० फुटांपर्यंत खाली येण्यास सांगितले. मी तेच शब्द नीट परत उच्चारले आणि हाताने ६००० चा आकडा लावला. विमान खाली निघाले. पूर्वेकडून मुंबईत येताना खाली सह्याद्री असतो. शेजारचा तरुण सहवैमानिक, ज्याला कामावर लागून सहा महिनेही झाले नव्हते, थोडा चाचरत म्हणाला, “सर, आठ हजार सांगितलंय.” मी आकड्याकडे पाहिले, आणि खरे सांगतो, तो चुकीचा आहे हे कळायला मला दोन-तीन सेकंद लागले. नंतर मी हिशेब केला तेव्हा कामाच्या वेळेची एकही मर्यादा ओलांडलेली नव्हती. कायद्याच्या दृष्टीने मी पूर्ण विश्रांती घेतलेला वैमानिक होतो. आदल्या दिवशी हॉटेलमध्ये मात्र शेजारच्या इमारतीत ड्रिलिंग चालू होते आणि मी अडीच तासांहून अधिक झोपू शकलो नव्हतो. पाळी सुरू होण्याआधी ‘मी आज उडण्याच्या स्थितीत नाही’ असे कळवायला हवे होते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. मी कळवले नाही, कारण तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे असे कळवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी वरिष्ठांसमोर उभे राहून खुलासा द्यावा लागे आणि बढतीच्या यादीत त्याची आठवण ठेवली जाई. त्या सहवैमानिकाचे मी आभार मानले, पण अहवाल लिहिला नाही. याची बोच आजही आहे.

पुढे सुरक्षा विभागात आल्यावर अशा अहवालांचे मोल कळले. एकाच शहरातील मुक्कामानंतर तीन वेगवेगळ्या वैमानिकांनी थकवा कळवला होता. चौकशी केली तेव्हा समजले, की हॉटेलच्या मागे लग्नाचे कार्यालय होते आणि खोल्या त्याच बाजूला मिळत होत्या. दिवसा झोपायला आलेल्या वैमानिकांच्या झोपेचे बँडबाजाने खोबरे होत होते. हॉटेलने खोल्या बदलून दिल्यावर त्या मार्गावरून येणारे अहवाल थांबले. तिघांनी लिहिले नसते तर हे कोणाला कधीच कळले नसते. २०२४ च्या नियमांत कंपन्यांनी थकव्याच्या अहवालांचे विश्लेषण दर तिमाहीला महासंचालनालयाकडे द्यावे, अहवाल देणाऱ्याला शिक्षा होऊ नये आणि त्याचे नाव गोपनीय राहावे, असे म्हटले आहे. माझ्या मते तासांच्या आकड्यांइतकीच ही तरतूद महत्त्वाची आहे. ती खरी ठरते की नाही हे एका साध्या खुणेवरून कळते: जिथे वर्षभरात थकव्याचे अहवाल जवळपास येतच नाहीत, तिथे वैमानिक ताजेतवाने असतात असे मी कधीच मानणार नाही.

आता आपल्या घराविषयी, कारण तिथे आपण आजच काही करू शकता. आपल्याकडे दिवसा झोपणाऱ्याला आळशी समजण्याची सवय खोलवर आहे. दहा वाजले तरी मुलगी उठली नाही म्हणून कोणी दार वाजवते, कोणी ‘निदान दोन घास खाऊन झोप’ म्हणते, पार्सलवाला बेल वाजवतो, कुकरच्या शिट्ट्या होतात. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो, पण तुटलेली झोप सलग झोपेइतका आराम देत नाही. तिची सकाळची झोप ही तिची रात्र आहे असे घराने ठरवावे. खोलीला जाड पडदे लावावेत, बेल बंद ठेवावी, फोन दुसऱ्या खोलीत असावा. रात्रीच्या पाळीच्या दिवशी तिने दुपारी दीड-दोन तास झोपून जावे, कारण त्या वेळी शरीराचे घड्याळ थोडे उतरलेले असते आणि झोप लागण्याची शक्यता संध्याकाळपेक्षा बरीच जास्त असते. चहा-कॉफीचा परिणाम निम्मा व्हायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणून पाळीच्या शेवटच्या टप्प्यात ती जपून घ्यावी. ती झोपेत घोरत असेल किंवा पुरेसे झोपूनही सतत दमलेली राहत असेल, तर संकोच न करता झोपेच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

ती दुसऱ्या गावाहून प्रवास करून कामावर जाते की काय, हे आपण लिहिलेले नाही. पुण्यात किंवा नाशिकला घर आणि मुंबईत नोकरी असे करणारे अनेक जण आहेत. एक्स्प्रेसवेवरचे चार तास कामाच्या वेळेत मोजले जात नाहीत, पण शरीर ते मोजते. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० माणसे गेली, तेव्हा सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांत बसून देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कामावर आल्या होत्या. त्या अपघातानंतर अमेरिकेने वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम नव्याने लिहिले. शक्य असेल तर रात्रीच्या पाळीच्या आदल्या दिवशीच मुंबईला पोहोचून तिथेच झोपण्याची सोय तिने करावी, मग ती नातेवाइकांकडे असो वा भाड्याच्या खोलीत.

आणि एखाद्या दिवशी गाडी दारात यायची वेळ झालेली असताना तिने कंपनीला फोन करून ‘आज मला झेपणार नाही’ असे सांगितले, तर कृपया त्या वेळी ‘आता नोकरीचे काय होईल’ असे विचारू नका. ती काळजी तिलाही असणारच. तिला परत झोपू द्या, आणि उठल्यावर तो अहवाल लिहून पाठवला का, एवढेच विचारा.